इरल्याआड

शिराळ्यात कुणी ओढ्याकाठी उकिडवा बसून एकटक बघत असला, तर त्याला हटकायची ठरलेली रीत आहे. लांबूनच विचारतात, "काय, गावला का?" काय गावला हे बोलायची गरज नसते. या गावात बिळासमोर ध्यान लावून बसणारा माणूस नागाच्या वाटेवर असतो, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं गृहीत आहे. मोरणा धरणाच्या पाण्याकाठी मला हा प्रश्न या हिवाळ्यात निदान पाच वेळा आला. "नाही, बदकं बघतोय," असं उत्तर दिलं, की समोरचा थोडा वेळ गप्प होई आणि मग "बरं, बघा" म्हणून निघून जाई. एकानं मात्र मनातलं बोलून दाखवलं, "मास्तर, बदकं बघायला लपायला कशाला लागतंय? बदकं तर तुमच्याकडंच बघत्यात की."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. हा सगळा लेख त्या एका वाक्याभोवती फिरतो.

बदकांच्या आणि हंसांच्या शिकारीसाठी आडोसा कसा निवडावा, यावर जगात भरपूर लिहिलं गेलंय. आपल्याकडं त्याचा सरळ उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून काही प्राण्या-पक्ष्यांच्या शिकारीची सोय होती. १९९१च्या दुरुस्तीनं ती वाटही बंद झाली. शिकारीची कायद्यातली व्याख्याही लांब-रुंद आहे. गोळी घालणं तर आलंच, पण फासा लावणं, सापळा लावणं, त्यासाठी हाकणं, अंडी-घरट्यांना धक्का लावणं, सगळं त्यात येतं. तेव्हा तलावाकाठी बंदूक घेऊन दबा धरायचा विचार कुणी करत असेल, तर त्यानं आधी वकील निवडावा, आडोसा नंतर.

पण शिकाऱ्याची विद्या बंदुकीपाशी संपत नाही. पक्षी वीस-पंचवीस पावलांवर यावा आणि त्याला आपला पत्ता लागू नये, इथवर शिकारी, फोटोवाला आणि नुसता वहीत आकडे लिहिणारा या तिघांची वाट एकच. फाटा शेवटच्या क्षणी फुटतो. आपल्या सांगली जिल्ह्यातल्याच माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर शिकारीच्या ओढीनं रानात गेले आणि पुढं बघण्याच्या ओढीनं तिथं रमले. सलीम अलींच्या पक्षीप्रेमाची सुरुवात तर त्यांनीच पाडलेल्या एका चिमणीपासून झाली. अशा लपून बसण्याच्या जागेला मराठी रानवाङ्‌मयात एक नेमका शब्द आहे, लपण. मला तो फार आवडतो. मचाण झाडावर असतं, खोप राखणीसाठी असते, पण लपण नुसतं लपण्यासाठीच असतं.

माझं पहिलं लपण विकत घेतलेलं होतं. घडी उघडली की फटकन उभा राहणारा, पानाफुलांच्या छापाचा तंबू. कुठून घेतला ते सांगत नाही, कारण चूक विकणाऱ्यापेक्षा माझी जास्त होती. त्यावर छापलेली पानं होती ओक नावाच्या विलायती झाडाची, तपकिरी, कातरलेल्या कडांची. मोरणेच्या काठावर लव्हाळा, बेशरम आणि घाणेरी. त्या हिरव्या-करड्या काठावर माझा तंबू लग्नाच्या मांडवासारखा उठून दिसत होता. वाऱ्यानं कापड फडफडायचं, ऊन पडलं की चकाकायचं. दोनेकशे पावलांवर हळदी-कुंकू बदकांची जोडी होती. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. आपल्या बायकांनीच ठेवलं असणार, दुसऱ्या कुणाला सुचेल असं वाटत नाही. ती जोडी सकाळभर तंबूवर नजर ठेवून होती. जागची हलली नाही, जवळही आली नाही. साडेनऊला मी बाहेर आलो तसे त्यांनी पंख पसरले.

मग मी वाचायला लागलो.

अमेरिकेत बदकांची शिकार कायदेशीर आहे आणि आडोशांचा मोठा बाजार आहे. जमिनीत खड्डा करून आत बसायचं, वर झाकण. नावेवर चौकट बांधून तिला गवतानं मढवायचं. तिरक्या छपराची, दोन बाजूंनी टेकलेली खोप. आणि हंसांसाठी शेतात आडवं पडून राहायची शवपेटीसारखी पेटी, कारण हंस कापणी झालेल्या शेतात दाणे टिपायला उतरतात आणि तिथं उभा आडोसा दिसला की लांबूनच वळतात. यातलं काय घ्यावं यावर तिकडं घरोघर वाद चालतात. पण जुन्या शिकाऱ्यांचं एका बाबतीत एकमत आहे. नवा आडोसा घेतला की पहिलं काम म्हणजे त्याला चिखलानं सारवायचं. कापडाची चमक मेली पाहिजे. मग त्याच जागचं गवत, तीच धसकटं त्यावर खोवायची, आणि दोन-चार दिवसांनी वाळलेलं काढून ताजं लावायचं. हे वाचून मला हसू आलं. सारवायची विद्या शिकायला मी सातासमुद्रापार गेलो होतो.

फसवणुकीची त्यांची परंपराही जुनी आहे. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्यासारख्या पाणगवताची विणलेली बदकं सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. ती पाण्यावर सोडायची, खरी बदकं आपली माणसं समजून उतरतात. पण मर्यादाही तिथंच घातल्या गेल्या. पक्षी झपाट्यानं संपू लागले, तेव्हा १९३५ साली तिथल्या सरकारनं जिवंत बदकं बांधून आमिष दाखवायला आणि पाण्यात बुडवलेल्या पेटीत बसून मारायला बंदी घातली. फसवणूक फारच जमायला लागली, एवढंच त्यामागचं कारण.

आता बदकाच्या डोळ्यांविषयी. आपले डोळे पुढं, त्याचे दोन्ही बाजूंना. त्यामुळं मान न वळवता त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, डोक्यावरचंसुद्धा. बऱ्याच पक्ष्यांना आपल्याला न दिसणारे जंबुपार किरण दिसतात, म्हणून पांढऱ्या कपड्याला उजाळा देणाऱ्या साबणपुडीनं धुतलेला सदरा त्यांना आपल्यापेक्षा भडक दिसत असणार. वास मात्र आपण समजतो तितका आड येत नाही. हरणाच्या शिकारीत वाऱ्याची दिशा चुकली की संपलं. बदकाच्या बाबतीत वारा वेगळ्या कारणानं बघायचा. बदक उतरताना आणि उडताना तोंड वाऱ्याकडं करतं. वारा आपल्या पाठीवरून पाण्याकडं जात असेल, तर उतरणारा थवा समोरून, पाय पुढं काढून, थेट आपल्याकडं येतो. आपल्याकडं हिवाळ्याच्या सकाळी वारा फारसा नसतो, तेव्हा पहिला मान उन्हाला. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर बसायचं. समोर ऊन असलं की पक्षी नुसती काळी सावली होतो आणि आपला चेहरा परातीसारखा चकाकतो.

चेहरा! जगभरचे शिकारी कपड्यापेक्षा चेहऱ्याबद्दल जास्त बोलतात. थवा डोक्यावरून घिरट्या घालत असताना वर बघू नका, असं ते पुन्हापुन्हा बजावतात. आणि आडोशाची पाठ उघडी ठेवू नका, नाहीतर पुढून कितीही झाकलं तरी मागच्या आभाळावर तुमची आकृती उमटते.

हे सगळं नीट पाळून दुसऱ्या खेपेला मी तंबू चिखलानं सारवला, लव्हाळा खोवला, पूर्वेला लावला. थोडा फरक पडला. बदकं दीडशे पावलांवर आली आणि तिथंच थांबली. मग मी विचार केला, की आपल्या मुलखात पूर्वी लोक कसे लपत होते?

सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत स्वस्त रीत मडक्याची. भारतात पाणपक्षी धरणारे लोक तळ्यात काही दिवस रिकामी मडकी सोडून देत. वाऱ्यानं ती इकडंतिकडं तरंगत. बदकं पहिल्यांदा लांब जात, मग जवळून पोहत, मग ढुंकूनही बघत नसत. एके दिवशी त्यांतलं एक मडकं माणसाच्या डोक्यावर असे. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेला माणूस, मडक्याला बघण्यापुरती दोन भोकं. तो हळूहळू थव्यात शिरे आणि खालून पाय धरून बदक ओढून घेई. गेल्या शतकांतल्या साहेब शिकाऱ्यांनी ही रीत लिहून ठेवलीय.

दुसरी रीत महाराष्ट्रातली. पारध्यांमध्ये गायपारधी नावाची एक शाखा आहे. त्यांनी गाय किंवा बैल असा शिकवलेला असे, की तो चरत चरत सावजाकडं सरके आणि त्याच्या आडून पारधी. हरणाला गाय दिसते, तिच्यामागचे दोन जादा पाय दिसत नाहीत. चालतं लपण, चार पायांचं. हे ज्ञान ज्यांच्याजवळ होतं, त्यांना इंग्रजांच्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. लोकांच्या नजरेतून पुसला गेला का, हे मी विचारत नाही, उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

मडकं आणि गाय. दोन्हींत एक गोष्ट तीच आहे, आणि अमेरिकी बाजाराच्या यादीत ती मला कुठं दिसली नाही. तिकडच्या आडोशाचा हेतू असा, की पक्ष्याला काहीच दिसू नये. इथल्या माणसानं ते ध्येयच सोडून दिलं. बदकाला सगळं दिसतं हे त्यानं मान्य केलं. मग त्याला जे रोजच दिसतं, ज्याची त्याला सवय झालीय, त्याच्या आड तो बसला. माझा तंबू नीट लपलेला असला, तरी काठावरची नवी वस्तू तीच होती.

भरतपूरला गेलेल्या मराठी माणसाला हे लगेच पटेल. केवलादेवच्या त्या पाणथळीत संस्थानाच्या काळात बंदुकांच्या मेजवान्या झडत. देवळाजवळ दगडावर तारखा आणि आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोच्या मेजवानीत ४,२७३ पक्षी मारले गेले. मी तो दगड पाहिला, तेव्हा माझ्या रिक्षावाल्याला घाई होती, कारण पुढं बदकं जवळ आली होती. सायकलरिक्षा खडखडत रस्त्यावरून जाते आणि दहा पावलांवरचं पाणपक्ष्यांचं जग हलत नाही. रिक्षातून उतरून पायी दोन पावलं टाका, सगळं उडतं. रिक्षा म्हणजे मडकं, एवढंच.

इंग्लंडात पीटर स्कॉट नावाचा माणूस होता. तरुणपणी हंस-बदकांचा नाणावलेला शिकारी, चित्रंही त्यांचीच काढायचा. १९४५च्या डिसेंबरात सेव्हर्न नदीकाठच्या स्लिमब्रिज इथं तो हंस बघायला गेला. बसला कुठं, तर युद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या तोफखोलीत. ती आधीपासून तिथं होती, हंसांना तिचं काही वाटत नव्हतं. त्या भिंतीआडून बघता बघता त्यानं ठरवलं, की पाणपक्ष्यांसाठी संस्था काढायची तर इथंच. १९४६ साली ती निघालीसुद्धा. आज तिथं लोक तिकीट काढून लपणात बसतात.

मग मी मोरणेच्या काठाची पुन्हा पाहणी केली, या वेळी बदकाच्या डोळ्यांनी. इथं रोज काय असतं? म्हशी. धुणं धुणाऱ्या बाया. मोटरीच्या खोल्या आणि पाण्यात गेलेले काळे पाइप. कडब्याची बुचाडं. शेळ्यांमागची पोरं. धुण्याचा आवाज चालू असताना अडई बदकं पन्नास पावलांवर पंख साफ करत बसलेली मी पाहिली. त्याच बाईनं धुणं थांबवून कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं नीट बघितलं, तर सगळ्यांच्या माना वर झाल्या. त्यांना ओळखीचं काम चालतं, नजर चालत नाही.

मोटरीची खोली पहिली निवड वाटली. भिंत, छप्पर, खिडकी, सगळं आयतं. पण धरणाचं पाणी एका जागी थांबत नाही. पावसाळा संपताना खोलीला टेकलेलं पाणी रब्बीच्या पाळ्या सुरू झाल्या की मागं मागं सरतं. फेब्रुवारीत खोली आणि पाणी यांच्यामध्ये चिखल आणि भेगाळलेली माती, आणि नेमकी तेव्हाच बदकं जास्त, कारण उथळ चिखलात खाणं चांगलं. उसाचं तर याहून वाईट. नोव्हेंबरात उसाच्या फडासारखा आडोसा नाही, पाण्याच्या कडेपर्यंत दोन पुरुष उंच हिरवी भिंत. मी तिथं मोठ्या हौसेनं बसायला जागा केली. एका सकाळी गेलो, तर टोळी आली होती, फड तुटला होता आणि माझ्या लपणाच्या जागी पाचट पसरलं होतं. कारखान्याच्या तारखेवर ठरलेलं लपण कुणी निवडू नये.

म्हणजे लपण पाण्याबरोबर सरकणारं हवं, उचलता येणारं, आणि इथलं.

कादंब हंसांचा प्रश्न वेगळाच आहे, तो इथं थोडक्यात. पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाची यंत्रं लावून त्याची उड्डाणं सात हजार मीटरच्या वरही नोंदली गेलीत. शिराळ्यात बसून त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. त्यासाठी उजनीच्या फुगवट्याला, भिगवणला जावं. तिथं हंस दिवसा उघड्या पाणकाठावर बसतात आणि खायला शेतांत जातात. उघड्या जागेवर लपण कशाचं करणार? तिथं मासेमाऱ्याची नाव हेच मडकं. नावाडी रोज जाळी टाकायला त्याच वाटेनं जातो. नावेत आपण खाली वाकून बसायचं आणि नाव त्यांच्यावर चाल करून न नेता, तिच्या नेहमीच्या वाटेनं तिरकी जाऊ द्यायची. बरेच फोटोवाले इथं चुकतात. नावाड्याला "और पास, और पास" म्हणत सुटतात, थवा उठतो आणि यांना उडत्या हंसांचा फोटो मिळाल्याचा आनंद. हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला फुकट उडवण्यात काय पुरुषार्थ आहे, मला कळत नाही.

आमच्याकडं परत येतो. चक्रवाक हा माझा खरा वैरी ठरला. केशरी अंगाचा, देखणा, संस्कृत कवींनी विरही म्हणून डोक्यावर घेतलेला. पण तो तळ्याचा चौकीदार आहे. सगळ्यांत आधी त्याला शंका येते, तो भोंग्यासारखा ओरडतो आणि मग थापटे, तलवार, भुवई ही बाकीची बदकं सगळीच सावध होतात. जुन्या शिकाऱ्यांनी त्याला शिव्या घातल्यात, आणि माझ्याही तोंडातून एकदा गेली. चक्रवाकाला फसवलं तरच लपण खरं.

उत्तर माळ्यावर सापडलं, शिराळ्याच्या पश्चिमेच्या एका गावात, भाताच्या पट्ट्यात. इरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मध्ये पळसाची पानं दाबून बसवलेली, उलट्या नावेसारखं. रोपलावणीत बाया डोक्यावरून कमरेपर्यंत घेतात, वाकून काम करताना पाठीवर पाऊस येत नाही. प्लास्टिकचे कागद आल्यापासून इरली माळ्यावर गेली. हे धुरानं काळपट पडलेलं होतं, चकाकी नावाला नाही. घरातल्या आजींनी विचारलं, "पाऊस न्हाई, इरलं कशाला रं?" मी कारण सांगितलं. त्यांनी इरलं झटकून दिलं आणि म्हणाल्या, "परत आण म्हंजे झालं."

इरलं नवं दिसू नये म्हणून मडक्याची रीत लावली. सहा दिवस ते पाण्याच्या कडेला नुसतं पालथं टाकून ठेवलं. रोज एकदा जाऊन पाणी जितकं मागं गेलं तितकं पुढं सरकवलं. चौथ्या दिवशी त्यावर बगळा बसलेला दिसला, तेव्हा मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. सातव्या दिवशी पहाटे अंधारातच गेलो. शिकाऱ्यांची आणखी एक युक्ती वापरली. लपणात दोघांनी जायचं आणि एकानं परत यायचं, उघड, रमत गमत. पक्ष्याला बेरीज-वजाबाकी जमत नाही म्हणतात. माझ्या पुतण्याला थंडीत उठवून नेला, तो शिव्या देत परत गेला.

आत शिरण्याआधी काठीनं इरल्याखाली नीट ढवळून बघितलं. शिराळ्यातला माणूस हे विसरत नाही. पूर्वी इथल्या घरांत नागपंचमीआधी मडक्यांतून नाग असत. २०१४ला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं नाग धरणं थांबलं, पण नाग काही गाव सोडून गेले नाहीत, आणि पाण्याकाठचं गवत घोणशीचंही आवडतं.

गोणपाटावर कोपरांवर आडवा झालो. इरलं पाठीवर, पुढं कामट्यांमधून हातभर फट. उजाडलं. पहिला तास काहीच नाही. पायांना मुंग्या आल्या, नाकावर डास. मग डावीकडून पाण्यात चोचीनं चाळल्याचा आवाज आला. थापट्याची जोडी, रुंद फावड्यासारखी चोच पाण्यात घालून डोकं डावी-उजवीकडं हलवत, चाळत येत होती. पंधरा पावलं. दहा. नराच्या डोळ्याचा पिवळा रंग दिसला. मागून चक्रवाक आला, काठावर चालत, त्याचा तो संशयी डौल. तो थांबला, इरल्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि खायला लागला.

आठच्या सुमारास वीज आली असावी. मागं मोटर सुरू झाली, पाइप थरथरला, पाण्याची धार चारीत पडू लागली. एकाही बदकानं मान वर केली नाही. मोटर चालू करून मालक बांधावरून पाण्याकडं आला. पाठीवर इरलं घेऊन चिखलात पालथा पडलेला माणूस त्याला दिसला असणार, कारण तो थबकला.

"काय मास्तर," लांबूनच म्हणाला, "गावला का?"

चक्रवाक त्याच्याकडं न बघता चालत राहिला. मी उत्तर द्यायला मान वर केली आणि तळं रिकामं झालं.